घारीचा होकार

“तास किती झाले?” मालकिणीने वजनकाट्यावरून नजर न उचलता विचारलं.

“तेवढेच. विमान हातात आल्याशिवाय वाढणार कुठून?”

“तेवढे तर आमच्या झाडूवालीचेही असतील.” मालकीण स्वतःच हसली. “अरे हो, झाडूवाली तूच की.”

तीही हसली. हसणं भाग होतं. वैमानिकाचा परवाना घेऊन ती या परक्या देशात आली, तेव्हापासून प्रत्येक धावपट्टीवर हेच ऐकत होती. नोकरीसाठी उड्डाणाचे तास हवेत, आणि तास मिळायला नोकरी हवी. मोठ्या कंपन्यांनी दारातूनच वाटेला लावलं. इथे नवराबायकोचा धंदा होता. एकच छोटं विमान, जंगलापलीकडच्या वस्त्यांवर माणसं आणि पोती पोचवायची. इथे तिला निदान विमानाचं हँगर झाडायला मिळालं. आता व्हिसाही संपत आला होता. दादा फोनवर म्हणायचा, “परत ये, शाळेत विज्ञान शिकव. मुलंही हवेतच असतात.”

“आज निकाल लावून टाकू,” मालकीण म्हणाली. “घारीबरोबर एक फेरी मारून ये. तो हो म्हणाला तर तू इथे. नाही म्हणाला तर तुझ्या घरी.”

घार म्हणजे मालकिणीचा नवरा. याच डोंगरांत आयुष्य काढलेला वैमानिक. वरून नदीतला मासा हेरतो, असं लोक म्हणायचे, म्हणून ते नाव पडलं. त्याच्या शेजारी बसणारा पोरगा गेल्या आठवड्यात मोठ्या कंपनीत लागला. त्याचे तास इथेच भरले होते. तेव्हापासून विमान जागचं हललं नव्हतं. आकाश स्वच्छ आणि पोत्यांचा ढीग मात्र वाढता. कसलासा भाग यायचाय, असं मालकीण सांगायची.

घार बाकावर बसला होता. मालकिणीने चहाचा कप त्याच्या मुठीत दिला. “नीट धर. कालचा शर्ट अजून वाळतोय.”

“बघ गं,” घार हसत म्हणाला, “आकाशात कुणी बोलत नाही आणि जमिनीवर ही गप्प बसत नाही.”

“काका, माझं लॉगबुक...”

“राहू दे. पानं सगळेच भरतात. मला तुला ऐकायचंय.”

विमानाची तपासणी त्याने बोटांनी केली. पंख्याची पाती, पंखांची कड, चाकांचं रबर, सगळ्यावरून हात फिरवत गेला. एका जागी थांबला. “इथे खरचटलंय. जुनं आहे.” ती तिथून रोज जायची, तिला ते कधी दिसलं नव्हतं. जुन्या माणसांची गोष्टच वेगळी, तिला वाटलं.

पट्टा आवळल्यावर तो म्हणाला, “माझी पद्धत एकच. बोलत उडवायचं. काटे, वारा, ढग, जे दिसेल ते मोठ्याने सांगायचं. ज्याच्या तोंडून नीट निघतं, त्याच्या डोक्यात नीट असतं.”

तिने विमान उचललं आणि बोलत राहिली. वेग, उंची, नदीचं वळण. तो अधूनमधून विचारायचा, “डावीकडच्या डोंगरावर ढग कुठवर उतरलेत?” ती सांगायची. तो मान हलवायचा. परीक्षा बरी चालली होती.

मग खिंडीतून एक धबधबा समोर आला आणि ती क्षणभर बघतच राहिली.

“बोल!” घार ओरडला. “बोल म्हणतो ना!”

ती दचकली. त्याच्या कानशिलावरून घाम ओघळत होता, मुठी गुडघ्यांवर आवळलेल्या.

“चुकलं, काका.”

“पुन्हा गप्प बसायचं नाही. कधीच नाही.”

झालं, तिच्या मनात आलं. आता दादाची शाळा.

वस्तीची धावपट्टी उतारावर कापलेली होती. एका टोकाला झाडं, दुसऱ्या टोकाला कडा.

“आता माझ्याकडे दे,” घार म्हणाला. “उतरवतो मी. तू सांगत राहा. तुझा अंदाज कळू दे.”

“झाडं समोर. थोडं उजवीकडे. अजून. बस. उंच आहोत, खाली घ्या. झाडं गेली. पट्टी सरळ पुढे. खाली... खाली... आता.”

चाकं अलगद टेकली. असं उतरणं तिने कधी अनुभवलं नव्हतं. घारीने लांब श्वास सोडला. “छान. पुढे काय आहे?”

“शेळ्या. लांब आहेत.”

“त्याही सांगायच्या असतात.”

परतीचं उड्डाण आणि उतरणं तिनेच केलं, बोलत बोलत. तळावर पहिल्या फेरीची माणसं जमली होती. एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन काट्यावर उभी होती. मालकीण तिला तसंच सोडून धावत आली आणि थेट नवऱ्याच्या तोंडाकडे बघू लागली.

“ठेव हिला,” घार म्हणाला. “आवाज स्पष्ट आहे.”

मालकिणीचे डोळे भरून आले. तिने मुलीला मिठीच मारली. “आत्तापासूनच लाग कामाला. याच्या शेजारची जागा तुझी. फक्त आजच्यासारखं बोलत राहायचं हं.”

मुलीला दादाला कधी सांगते असं झालं होतं. ती घारीपुढे जाऊन उभी राहिली आणि तिने हात पुढे केला. “थँक्यू, काका.”

तो तिच्याकडे तोंड करून हसत उभा होता. त्याच्या मागे बाळाची आई विमानात चढत होती.

“अगं, नुसतं थँक्यू काय?” घार म्हणाला. “काकाला हात तरी दे.”

तिचा हात केव्हाचा त्याच्या समोरच होता.