नऊ नंबरचा पट्टा

मॅडमनी टॅबवरून नजर उचलली तशी तेजल सावरून बसली. खो-खोची फायनल तासाभरावर आली होती.

"नऊ नंबरचा पट्टा," मॅडम म्हणाल्या. "कालच्या सरावात वेग पडलाय, डाव्या पायावर जोर येत नाहीये. वहिदा, तू आज बाहेर बसायचं."

वहिदाच्या पायाला काहीच झालं नव्हतं. दुखत होता तेजलचा पाय, परवापासून. धावण्याची नोंद ठेवणारं काडेपेटीएवढं यंत्र बसवलेला पट्टा सरावात प्रत्येकीच्या छातीला असायचा, आणि मॅडमचा डोळ्यांपेक्षा त्या आकड्यांवर विश्वास. म्हणून काल तेजलनं मैत्रिणीला गळ घातली होती, "एक दिवस पट्टे बदलू या ना. तुझे आकडे कायम चांगले, तुला कोण काढतंय?"

वहिदानं खाली वाकून बुटाची नाडी सोडायला घेतली. तिचे अब्बा आज पहिल्यांदाच तिला खेळताना बघायला मिरजेहून येऊन बसले होते.

"आणि तेजल," मॅडम हसल्या, "काय पळालीस काल! पहिल्या तुकडीत तूच."

मुलींनी टाळ्या वाजवल्या. तेजल उठली. दोन दिवस दात आवळून ती सरळ चालत होती. आता तिनं लपवायचं सोडलं आणि सगळ्यांदेखत लंगडत जाऊन मॅडमसमोर उभी राहिली.

"वहिदा," मागे न बघता ती म्हणाली, "नाडी बांध."