सोंडेतला कापूस

टेबलावरचे सगळे कापडी हत्ती माना टाकून बसले होते. एकाचीही सोंड वर नव्हती. हा पराक्रम कोणाचा, ते फक्त ताईला ठाऊक होतं, आणि ती टेबलाखाली मांडी घालून मजा बघायला बसली होती.

ताई म्हणजे तिसरीतली मुलगी. परवापरवापर्यंत ती घरात पिल्लू होती. मग फ्रिजवर लांबच्या गावातल्या एका मुलीचा फोटो लागला, "ही तुझी धाकटी बहीण होणार," असं आईने सांगितलं, आणि त्याच संध्याकाळी पिल्लूची ताई झाली. विचारलं कोणी नाही. धाकटी अजून घरात यायची होती, पण पिल्लूची जागा तिच्यासाठी रिकामी करून झाली होती.

तेवढ्यावर भागलं नाही. मूल दत्तक घ्यायचं म्हणजे वकील आला, प्रवास आला, खर्च आला. म्हणून आईने ताईचे तोकडे झालेले फ्रॉक कापले, बाबांनी मशीनवर त्यांचे विकायला हत्ती शिवले, आणि कापूस भरायचं काम ताईकडे आलं. पोट काय, कोणीही भरील. खरी मेख सोंडेत. चिमूट चिमूट कापूस पेन्सिलीच्या बोथट टोकाने आतपर्यंत ढकलावा लागतो, तेव्हा कुठे सोंड उभी राहते आणि तिच्या आधाराने मान. घरात हे एकट्या ताईला जमायचं. बाबा भरायला बसले की सोंडेत गाठी व्हायच्या.

या वेळी तिने पोटं भरली आणि सोंडा रिकाम्या ठेवल्या. आईने घाईघाईत भोकं शिवून हत्ती खोक्यात टाकले. ताईचा बेत सरळ होता. असले हत्ती कोण घेणार? हत्ती खपणार नाहीत, आणि धाकटी येणार नाही.

शाळेच्या हॉलमध्ये हस्तकलेचं प्रदर्शन भरलं होतं. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक चष्मेवाल्या बाई.

"अगंबाई, किती दमलाय बिचारा!" त्यांनी निळा हत्ती उचलला. "अगदी आमचे हे कामावरून आल्यासारखा. द्या मला."

मग एक म्हातारे गृहस्थ आले आणि नातवंडांसाठी म्हणून जोडी घेऊन गेले. मग कॉलेजच्या मुलींचा घोळका आला. जो तो त्या पडलेल्या माना बघायचा, 'अरेरे' म्हणायचा आणि हत्ती छातीशी धरायचा. हत्ती हातोहात खपायला लागले. आपलाच डाव आपल्यावर उलटतोय हे ताईला दिसत होतं.

"धुतले की रंग जातो त्यांचा," ती टेबलाखालून मोठ्याने म्हणाली.

गिऱ्हाईक वाकून बघायला लागलं. बाबा कौतुकाने हसले. "आमची ताई. धाकटी येणार म्हणून सगळ्यात जास्त हुरूप हिलाच. सगळा कापूस हिने भरलाय!"

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. फ्रॉक गेले त्याचं एवढं नव्हतं. पण 'धाकटी' म्हणताना बाबांचा आवाज मऊ व्हायचा, आणि तो आवाज तिच्या ओळखीचा होता. तो तिचा होता. इतकी वर्षं तिच्या एकटीचा. अजून न आलेल्या त्या मुलीचा तिला मनापासून राग होता.

गर्दी जरा ओसरली तेव्हा आईने एका हत्तीची सोंड दोन बोटांत दाबून पाहिली. मग दुसऱ्याची. मग ती खाली वाकली.

"सोंडेत कापूस नाहीये."

"संपला होता."

ताईच्या मांडीशेजारीच कापसाची टम्म फुगलेली पिशवी होती. आईने पिशवीकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं आणि ती टेबलाखाली येऊन बसली. जागा दोघींना पुरत नव्हती. आईचे पाय बाहेर राहिले.

ताईच्या कुशीत एक पिवळा हत्ती होता. खिशांच्या फ्रॉकचा. हा तिने नीट भरला होता. सोंड वर, मान ताठ.

"अय्या, हा किती छान आहे!" एक बाई वाकल्या. "हा आहे का विकायला?"

आईने ताईकडे पाहिलं.

"हा माझा आहे," ताई म्हणाली. "फ्रॉक माझा होता."

"बरोबर आहे," आई त्या बाईंना म्हणाली. "तो तिचा आहे."

बाई गेल्या. आईने खोक्यात हात घातला आणि पिवळ्या कापडाची एक चपटी पिशवी बाहेर काढली. त्या फ्रॉकचे दोन हत्ती निघाले होते, त्यातला हा दुसरा. अजून न भरलेला. पोट पाठीला लागलेलं, सोंड चिंधीसारखी लोंबत होती.

"याचं काय करायचं, पिल्लू?"

पिल्लू ऐकून ताईचे डोळे भरून आले, पण तिने नाक ओढलं आणि मान फिरवली. बराच वेळ ती टेबलाच्या पायावरचा रंग नखाने खरवडत राहिली. बाहेर बाबा कोणालातरी धाकटीबद्दल सांगत होते, त्याच मऊ आवाजात.

"तिला दे," ती शेवटी म्हणाली. "पण मी भरणार नाही. तिचा तिने भरायचा."

"बरं."

"पोट, पाय, कान, सगळं तिचं तिने."

"बरं बाई, तसं सांगू तिला."

आईने ती चपटी पिशवी घडी करून खोक्यात ठेवली. ताईने हात घालून ती परत बाहेर काढली. सोंडेत बोट घालून पाहिलं. बोट अर्ध्यावरच अडकलं.

"सोंड तिला जमायची नाही," ती म्हणाली. "सोंड मी भरीन."