पाण्यावरचा पाला

"तिला विचार, पाणी कुठं आहे," पाद्री गास्पार म्हणाले.

तिलीवे ओकच्या झाडाखाली बसून ओकची फळं कुटत होती. बर्नाबेनं तिला विचारलं. तिनं हातातला दगड खाली ठेवला आणि आधी पाद्रींना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"हा बाप्याच आहे ना? मग झगा कशाला घातलाय?"

"त्यांच्यात देवाचं काम करणारे घालतात. मावशी, पाण्याचं सांग."

"पाण्याला काय तोटा? वर त्या खडकामागं झरा आहे. माझ्या आजीनंसुद्धा तो आटलेला पाहिला नाही कधी."

बर्नाबे दक्षिणेकडच्या जुन्या मिशनमधला. त्याची बोली आमच्या वस्तीच्या बोलीपेक्षा थोडी वेगळी, पण समजायची. म्हणून तर पाद्रींनी त्याला दुभाष्या म्हणून सोबत आणलं होतं. नव्या मिशनसाठी जागा हवी होती. इथं सपाट जमीन होती, लाकूड होतं, बाटवायला माणसंही होती. पाणी तेवढं दिसत नव्हतं. उन्हाळा सरत आलेला, पाऊस अजून यायचा होता, आणि नदीचं पात्र कोरडं ठणठणीत पडलं होतं.

बर्नाबेनं वस्तीकडं पाहिलं. बोरूच्या झोपड्यांतून धूर निघत होता. दोन पोरी एका सशाच्या कातड्यावरून भांडत होत्या, आणि त्यांची आई दोघींनाही शिव्या देत होती. त्याचं गावही असंच होतं, अशाच एका झऱ्याकाठी. तिथं पाद्र्यांनी मिशनची घंटा टांगली तेव्हा तो आईच्या पाठीवर होता. मग तापाची साथ आली, आणि दर हिवाळ्यात येत राहिली. ज्यांच्या डोक्यावर पाद्र्यांचं पाणी पडलं होतं, त्यांना मिशन सोडून जाता येत नव्हतं. पळाले त्यांना शिपाई धरून आणायचे. आता त्याच्या बोलीत त्याच्याशी बोलायला एक आंधळी आत्या तेवढी उरली होती.

"काय म्हणते?" पाद्रींनी विचारलं.

"पाणी नाही म्हणते, पाद्रे. वाळूत खड्डा करतात आणि ओंजळ ओंजळ गोळा करतात."

शिपायांचा हवालदार केसादा थुंकला. "ही जात खोटारडी. मी वर जाऊन बघून येतो."

"ती खोटं बोलेल. बर्नाबे नाही बोलणार. मी वाढवलंय त्याला," पाद्री म्हणाले. "चला, पुढचं खोरं बघू."

 लहानपणी बर्नाबे तापानं फणफणला होता, तेव्हा हेच पाद्री त्याच्या उशाशी बसून राहिले होते. त्यांच्याशी तो आजवर कधी खोटं बोलला नव्हता.

शिपायांनी खेचरांचे पट्टे आवळले. नव्या मिशनसाठी आणलेली घंटा पुन्हा गोणपाटात गुंडाळली गेली. ते बघून तिलीवे उठली.

"निघाले? असे कसे निघाले? थांबव त्यांना, मी पाणी घेऊन येते."

"नको, मावशी. पाणी आणू नकोस. तुझ्या पाया पडतो. हे लोक पाणी प्याले तर इथून जाणार नाहीत."

तिलीवे हसली. "येडा का खुळा तू? अरे, पाणी पिऊनच तर पाहुणा उठतो."

आमच्यात रीतच आहे तशी. दारी आलेल्याला निरोपाचं पाणी द्यायचं, तो वैरी असला तरी. भांडायचं तर मग भांडा. पाणी पिऊन झालं की पाहुण्यानं उठायचं, आणि न पाजता सोडला तर बाईला नाव ठेवतात. तिलीवे टोपली घेऊन गेलीसुद्धा. बर्नाबे तिच्यामागं दोन पावलं गेला आणि थांबला, कारण हवालदार बघत होता.

ती आली ती घामानं डबडबून. आतून डांबर लावलेली टोपली काठोकाठ भरली होती. हिंदकळू नये म्हणून तिनं पाण्यावर झऱ्याकाठच्या वाळुंजीचा पाला टाकला होता. तिनं टोपली पाद्रींच्या हातात दिली.

पाद्रींनी पाला बाजूला सारला आणि घोट घेतला. पाणी बर्फासारखं गार होतं. त्यांनी एक पान उचलून बोटांत चुरडलं. ते कोवळं, हिरवंगार होतं. ते पान हातात घेऊन त्यांनी आधी कोरड्या नदीकडं पाहिलं, मग वरच्या खडकाकडं.

"बर्नाबे, तू खोटं बोललास माझ्याशी."

"हो, पाद्रे."

"का?"

"माझ्या गावच्या झऱ्याला आजही पाणी आहे, पाद्रे. प्यायला कोण उरलंय?"

पाद्रींचा चेहरा उतरला. त्या गावची माणसं त्यांनीच पुरली होती. 

"ती सगळी देवाघरी आहेत, लेकरा," ते हळूच म्हणाले. मग हवालदाराकडं वळले. "घंटा उतरवा."

शिपायांनी तिलीवेच्याच ओकवर दोर टाकला. तिचं फळं कुटायचं उखळ पायानं बाजूला सरकवलं. खेचरांच्या पाठीवरून कुदळी उतरल्या, पोती उतरली, बेड्यांची पेटी उतरली. हवालदारानं घंटेचा दोर ओढला, तशी भांडणाऱ्या पोरी कातडं टाकून बघायला धावल्या.

तिलीवेनं रिकाम्या टोपलीत डोकावून पाहिलं.

"पाणी तर प्याले," ती बर्नाबेला म्हणाली. "मग हे सामान का उतरवतायत?"

बर्नाबेला रडू आवरेना. त्यानं तोंड फिरवलं.

"तहान भागली नसेल बिचाऱ्यांची," तिलीवे म्हणाली, आणि टोपली उचलून पुन्हा झऱ्याकडं निघाली.