दहा पेले

कमलाबाईंच्या लघवीच्या पिशवीतली कॅन्सरची गाठ काढली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पाणी कमी पिणं हेही एक कारण असू शकतं. आता दिवसाला दहा पेले." कमलाबाईंचा उभा जन्म धानाच्या रोवणीत गेला. शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, पुरुषमाणसं असायची, आडोसा नसायचा, म्हणून बाया घरूनच तहान मारून निघायच्या.

त्यांची लेक संघप्रिया वनरक्षक. तिनं आठवडाभराची रजा काढली आणि पेला घेऊन आईच्या मागेच लागली. "पी वं आई! लाजेपायी जीव देशील काय?"

रजा संपली. संघप्रियानं खाकी गणवेश चढवला. तिच्या गस्तीच्या बीटवरचा सोबती हेमराज दारात गाडी सुरू करून उभा होता. कमलाबाईंनी भरला पेला लेकीपुढे धरला. "दिवसभर जंगलात हिंडतं तू. तूबी पिऊन जाय."

संघप्रियानं पेला हळूच बाजूला सारला.



"नको, आई. पिल्लांवाली वाघीण आहे बीटवर. झुडपाआड एकटीनं जाता येत नाई, अन् सोबत काय हेमराजभाऊले नेऊ?"