डावी नोकरी, उजवी नोकरी

मॉनिटरने पुन्हा मान टाकली.

यशराजने तो दोन्ही हातांनी सावरला. "मनाली, मागचा नट आवळ. जोर लाव."

"लावतेच आहे." त्याची बायको टेबल आणि भिंतीच्या मधे अंग चोरून उभी होती, हातात पाना. "एवढा लांबडा कशाला घेतलास? दाराचं तोरण लागेल याला."

"सरांनी सांगितलं म्हणून."

नंदकिशोर सर म्हणजे यशराजचे मॅनेजर. मागच्या महिन्यात त्याची पाठ धरली, तेव्हा सरांनीच सुचवलं होतं. "स्टँडिंग डेस्क घे, वर अल्ट्रावाइड मॉनिटर लाव. माझ्याकडे वर्षभर आहे. त्याशिवाय झेपतच नाही बघ." माणूस शिस्तीचा, पण टीमची काळजी घेणारा. यशराजने पाठीसाठी म्हणून टेबल मागवलं खरं, पण त्याचा जीव अडकला होता तो मॉनिटरच्या रुंदीत. एका स्क्रीनचे दोन सरळ भाग करता येत होते. डाव्या भागात एक लॅपटॉप, उजव्या भागात दुसरा.

यशराज दोन नोकऱ्या करत होता.

वर्षापूर्वी शेजारच्या टेबलवरचा प्रसाद चहा प्यायला उठला आणि परत येईपर्यंत त्याचं लॉगिन बंद झालं होतं. त्या दिवसापासून यशराज रोज सकाळी आधी आपलं लॉगिन चालतंय का ते बघायचा. एक गेली तर दुसरी हाताशी असावी म्हणून त्याने घरून करायची आणखी एक नोकरी गुपचूप धरली. एका कंपनीला दुसरीचा पत्ता नव्हता. कळलं असतं तर दोन्ही गेल्या असत्या आणि वर तोंड दाखवायची चोरी. मनालीला सगळं ठाऊक होतं आणि त्यातलं काहीही पसंत नव्हतं.

"दोन दगडांवर पाय ठेवून कुणाला धड उभं राहता येतं का?" पाना परत देत ती म्हणाली.

"म्हणून तर उभं राहायचं टेबल आणलंय."

ती हसली नाही.

यशराजने बटण दाबलं. टेबल घरघरत वर चढलं, कोपरापर्यंत आलं आणि वरचा मॉनिटर डुलायला लागला. खाली घेतलं, थांबला. वर नेलं, पुन्हा डुलला. कोपरखैरण्यातल्या त्या जुन्या बिल्डिंगीत एक फरशी सरळ असेल तर शपथ. मनालीने खोक्याच्या पुठ्ठ्याची घडी करून टेबलाच्या एका पायाखाली सारली. मॉनिटर थांबला. यशराज मात्र थांबेना. एकदा या पायावर, एकदा त्या पायावर.

"आज काय एवढं?"

"अकराला डावीकडे सरांची मीटिंग आहे. ती संपते ना संपते तोच उजवीकडची. तिकडे नवा हेड जॉइन झालाय, सगळ्यांना भेटणार आहे. कॅमेरा ऑन पाहिजे म्हणालेत."

"आणि सरांची लांबली तर?"

यशराजने डाव्या कानात एका लॅपटॉपचा इअरफोन घातला, उजव्या कानात दुसऱ्याचा.

अकराला डाव्या भागात सर दिसले, नेहमीप्रमाणे उभेच. निळा चौकड्यांचा शर्ट, मागे कपाटावर पितळी गणपती. ते बोलायला लागले तोच त्यांच्या खिडकीखालून आरोळी आली. "म्हावरं घ्या गोऽ, ताजं म्हावरं!"

"सॉरी हं. आमची सगुणामावशी. दिवाळे गावाहून मासे घेऊन येते. आता सगळ्या सोसायटीला वळसा घालून पुन्हा खिडकीखाली येईल." सगळे हसले. मग सरांचा चेहरा बदलला. "आपल्या टीममधलं कुणीतरी दोन ठिकाणी काम करतंय. वरून नाव मागितलंय. आज संध्याकाळी मी देणार."

यशराजने नजर डाव्या भागातच रोखून ठेवली.

"हा विश्वासघात आहे. मी कुणालाही पाठीशी घालणार नाही." सर एकेका चौकटीकडे बघत होते. "यशराज, उभा दिसतोस. टेबल आलं वाटतं?"

"हो सर. आत्ताच लावलं."

"छान. सवय होईल हळूहळू."

मीटिंग लांबत चालली. उजवीकडे माणसं जमायला लागली. यशराजच्या सुदैवाने सरांनीच घड्याळाकडे पाहिलं. "मला दाताच्या डॉक्टरांकडे जायचंय. तुम्ही थांबा, एचआरच्या मॅडम बोलतील." त्यांची चौकट बंद झाली.

यशराजने देवाचे आभार मानले. डावा कॅमेरा बंद केला, उजवा चालू केला. दारात मनाली पर्स घेऊन उभी होती. वाशीला ड्युटीवर जायचं होतं, पण तिचा पाय निघत नव्हता.

उजव्या भागात मधली चौकट अजून काळी होती. "हेड येतायत," कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात कानात आरोळी आली. "म्हावरं घ्या गोऽ, ताजं म्हावरं!"

डावीकडचं काहीतरी चालू राहिलं असणार. यशराजने डाव्या कानातला इअरफोन उपटून टेबलावर टाकला.

आरोळी येतच राहिली.

काळी चौकट उजळली. निळा चौकड्यांचा शर्ट. मागे कपाटावर पितळी गणपती. नवे हेड हसत हसत एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवत आले आणि यशराजपाशी थांबले. हसू तसंच राहिलं. नजर हलेना.

यशराजने टेबलाची कड घट्ट धरली.

सर खाकरले. "यशराज ना?" ते म्हणाले. "आपण पहिल्यांदाच भेटतोय."