दिव्यापुढचे चार आभार

“चौथं काय, अम्मा?” निवृत्तीने विचारलं.

वसंताबाईंनी आठवून पाहिलं. पांडुरंगाच्या तसबिरीपुढे दिवा तेवत होता. मुलगा निवृत्ती समोर मांडी घालून बसला होता, सून तुंगा त्याच्या शेजारी, नात रक्षिता दाराला टेकून. तिघंही त्यांच्या तोंडाकडे बघत होती. घरच्या माणसांचे आभार मानून झाले होते, एकेकाचं नाव घेऊन. देवाचे झाले, कामाचे झाले. आता दिवसभरात जे लहानसं चांगलं घडलं, त्याचे.

“कॉफी,” त्या कशाबशा म्हणाल्या. “तुंगानं सकाळी केलेली.”

निवृत्तीने मान डोलावली. मग नेहमीप्रमाणे तोही तेच बोलला, शब्दाला शब्द. आई वसंता, बायको तुंगा, लेक रक्षिता, पांडुरंग, शिलाईचं काम, सकाळची कॉफी. मास्तर पाढा तपासून बघतात तसा.

ही रीत तुंगाने श्रावणात सुरू केली होती. तेव्हा वसंताबाईंना ती फार आवडली. देवापुढे मागणं मागतच त्यांचं आयुष्य गेलं होतं. मिळालेल्याबद्दल बोलायला कधी सवड झाली नव्हती. पहिले काही दिवस तर दुपारी हातात साडीचा फॉल घेऊन बसलं, की आज काय सांगावं या विचारानेच त्यांना बरं वाटायचं.

मग तांदळाच्या डब्यात कातर सापडली.

निवृत्तीची शिलाईच्या दुकानातली मोठी कातर. ती घरी कधी आली, डब्यात कोणी ठेवली, वसंताबाईंना काही केल्या आठवेना. दुपारभर घरात त्याच असत, म्हणजे त्यांनीच ठेवली असणार. तुंगा “असू दे, पर्वा इल्ला, अम्मा,” एवढंच म्हणाली आणि पाठ फिरवून डोळे पुसू लागली.

पुढे एके दिवशी निवृत्ती जेवून दुकानात परत गेला, आणि त्या गच्चीवरून मिरच्या उलट्यासुलट्या करून खाली आल्या तर स्वयंपाकघरात गॅस भकाभका जळत होता. वर भांडंसुद्धा नव्हतं. आपण तो पेटवल्याचं त्यांना आठवत नव्हतं. आठवत नाही, याचंच त्यांना भय वाटलं. कोणाला सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलं, पण शेगडीमागच्या भिंतीवरचा काळा डाग तुंगाने पाहिला. दुसऱ्या दिवसापासून बाहेर पडताना ती सिलिंडर बंद करून रेग्युलेटर कपाटात ठेवू लागली.

निवृत्तीही बदलला होता. ताट उचलून होत नाही तोच येऊन विचारायचा, “अम्मा, ऊटा झाला?” त्या, झालं जेवण, म्हणायच्या. थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न. त्यांना कळायचं, हा परीक्षा घेतोय. दर वेळी त्या तेच उत्तर नीट, सावकाश देत.

एका संध्याकाळी तो फार उशिरा आला. बन्नीमंटपाकडचा रस्ता दसऱ्याच्या मशालींच्या कवायतीसाठी बंद होता म्हणाला. दसरा होऊन गेला असं वसंताबाईंना वाटत होतं. दसऱ्याला मांडलेल्या बाहुल्या आपल्याच हातांनी जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवल्यासारखं वाटत होतं. की ते मागच्या वर्षीचं? विचारायची त्यांची छाती झाली नाही. रात्री त्यांनी पांडुरंगाला एवढंच विनवलं, की नेलंस तरी चालेल, पण ह्यांची नावं डोक्यातून नेऊ नकोस.

त्यानंतर त्या तयारी करू लागल्या. फॉलला टाका घातला की निवृत्ती, पुढच्या टाक्याला तुंगा, त्याच्या पुढे रक्षिता. संध्याकाळ जवळ आली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आभार मानताना आता त्यांना कसलाच आनंद होत नसे. आपण चुकलो नाही, एवढंच समाधान.

आणि मग फोनवरचं ते बोलणं त्यांच्या कानावर पडलं. तुंगा मोरीजवळ उभी राहून आपल्या भावाशी दबक्या आवाजात बोलत होती. हुणसूर रस्त्यावर एक जागा आहे, दिवसभर माणसं सांभाळतात, नाव आत्ताच घालून ठेवायला हवं, पुढे जागा मिळत नाही. शेवटी ती म्हणाली, “अम्मांना इतक्यात काही कळू देऊ नकोस. त्या खचतील.”

वसंताबाई पाय न वाजवता मागे फिरल्या.

दुसऱ्या दिवशी तुंगाने त्यांच्या अंथरुणावर चांगली साडी काढून ठेवली. “डॉक्टरांकडे जायचंय, अम्मा. तुम्हाला यायला हवं.”

वसंताबाई निमूटपणे साडी नेसल्या, पांडुरंगाला हात जोडले. रिक्षात निवृत्तीने त्यांचा हात घट्ट धरून ठेवला होता. लहानपणी शाळेच्या पहिल्या दिवशी धरला होता तसा. पोराला वाईट वाटतंय, त्यांच्या मनात आलं, पण तो तरी काय करील? वाटभर त्या ओठ न हलवता नावं घोकत राहिल्या.

डॉक्टर तरुण होते. समोरच्या कागदांत बघतच त्यांनी विचारलं, “हं. घरी कोण कोण असतं?”

वरचा पंखा करकरत होता. तुंगा खाली मान घालून बसली होती. वसंताबाईंनी पदर मुठीत आवळला. हाच तो प्रश्न. इथे अडखळलं की हुणसूर रस्ता.

“मुलगा निवृत्ती,” त्या म्हणाल्या. आवाज त्यांना वाटला होता त्याहून खणखणीत निघाला. “सून तुंगा. नात रक्षिता, कॉलेजात शिकते. शिवरामपेठेत आमचं शिलाईचं दुकान आहे. घरात देव पांडुरंग.”

एकही नाव चुकलं नव्हतं. कितीतरी दिवसांनी त्यांना मोकळा श्वास घेता आला. त्यांनी मनोमन, अगदी खरोखर, पांडुरंगाचे आभार मानले.

डॉक्टरांनी कागदांतून डोकं वर काढलं.

“अम्मा, तुम्ही नका सांगू,” ते हळू आवाजात म्हणाले. “पेशंटला सांगू द्या.”

आणि ते निवृत्तीकडे वळले.