सायकल परत आणायची म्हणजे

"फिराले कुठं चालले काकू? चिखलदऱ्याले?" बंटीनं विचारलं.

लाखनीत हायवेच्या कडेला त्याचं गाड्यांच्या सामानाचं दुकान. सीट कव्हर, हॉर्न, पायाखालच्या मॅट रोज खपायच्या. गाडीवर सायकल न्यायचं कॅरिअर मागणारं गिऱ्हाईक मात्र वर्षातून एखादं, तेही गॉगलवालं. समोरची बाई साठीची होती, पायात रबरी चप्पल, आणि आल्याआल्या न विचारता स्टुलावर बसली होती.

"फिराले आमच्या घरचे जातात," चंद्रकांता म्हणाली. "आणाले मी."

तिनं हनुवटीनंच बाहेर दाखवलं. जुन्या पांढऱ्या गाडीत ड्रायव्हरशेजारच्या सीटवर तिचे यजमान कृष्णराव बसले होते. इस्त्रीचा शर्ट, वरचं बटणसुद्धा लावलेलं. मागे डिक्कीचं झाकण दोरीनं बांधलं होतं. त्यात सायकल कोंबून कोंबून कुलूप कधीच कामातून गेलेलं.

"नहरावर पाणी सोडाची नोकरी होती त्यांची. आता रिटायर. पण सकाळ झाली का सायकल काढतात. धानाच्या शेवटच्या बांधीले पाणी पोचलं नाई म्हणतात अन् निघतात. जाचा रस्ता समजते, परत याचा समजत नाई. मंग कोणाचा तरी फोन येते, तुमचे साहेब इथं बसून आहेत म्हणून."

"लोक सांगत नाईत का त्याईले, रिटायर झाले म्हणून?"

"लोक काय सांगतात! शेताच्या धुऱ्यावरूनच ओरडतात, साहेब, पाणी कधी सोडता? हे खुश. आणखी पुढच्या गावाले जातात."

बंटीला हसू आलं होतं, ते त्यानं गिळलं. "मंग विकून टाका ना सायकल. कायले एवढा ताप?"

"पोरगाही नागपूरवरून हेच सांगते." चंद्रकांतानं पदरानं मान पुसली. "लावलं होतं मी कुलूप सायकलीले. तर भिंतीकडे तोंड करून बसले. जेवण सोडलं. मले वहिनी म्हणाले."

बंटीनं माळ्यावरून कॅरिअरची दोन खोकी उतरवली.

"पेन्शनीत बसन असंच दाखव," ती म्हणाली.

पहिलं टपावर लावायचं. मजबूत, आणि भावातही परवडणारं. चंद्रकांतानं ते हातातसुद्धा घेतलं नाही. "लोखंडी सायकल टपावर चढवन कोण? तू येशीन का तिकडे?" दुसरं पट्ट्यांनी डिक्कीवर अडकवायचं. दोन सायकलींचं होतं, म्हणजे एक जड सायकल सहज पेललं असतं, आणि उंची तिच्या कमरेइतकी. भाव थोडा जास्त होता.

"लावून दाखव," ती म्हणाली.

बंटीनं पट्टे ओढून ते गाडीला बसवलं. सायकल मात्र त्याची स्वतःची आणावी लागली, कारण काकूंची घरी होती. ती डिक्कीत न कोंबता इथवर आणायला आधी हेच कॅरिअर लागलं असतं. दोघांच्याही हे एकदमच लक्षात आलं. चंद्रकांता हसली. कितीतरी दिवसांनी हसली असावी, कारण लगेच तिला ठसका लागला.

बंटी सायकल उचलायला गेला, तसं तिनं त्याला बाजूला केलं. "मलेच उचलू दे. तू राहणार आहेस का तिथं?" एका दमात नाही जमलं. दुसऱ्यांदा गुडघ्याचा टेकू देऊन तिनं ती चढवली, अडकवली, पुन्हा उतरवून स्टँडवर लावली. छाती धपापत होती. पण तिचं तिला जमलं होतं, मदतीला कोणाला हाक मारावी लागली नव्हती. एवढंच तर तिला बघायचं होतं. तिनं भावावर घासाघीस सुरू केली. बंटीनं गाडीवरून कॅरिअर सोडलं आणि ते घेऊन दोघं आत आली; ती पुन्हा स्टुलावर टेकली.

बंटी कॅल्क्युलेटर शोधत होता, तेवढ्यात त्याचं लक्ष काचेतून बाहेर गेलं.

"काकू! काका माही सायकल घेऊन चालले!"

गाडीचं दार सताड उघडं होतं. कृष्णराव हायवेकडे वळले नाहीत. दुकानाच्या बाजूनं नहराकडे जाणारा कच्चा रस्ता त्यांनी बरोबर धरला होता. घंटी वाजवून त्यांनी एका म्हशीला बाजूला केलं. त्यांची पाठ ताठ होती. अशी पाठ घरात खुर्चीवर कधी दिसत नसे.

चंद्रकांताला राग आला. मग तिला बरंही वाटलं. आणि मग इतका थकवा आला, की स्टुलावरून उठावंसंच वाटेना.

बंटीनं मोटरसायकलची चावी उचलली. "मी अडवतो त्याईले."

"अडवू नको. अडवलं का लोकाईच्या अंगावर धावून जातात. दमले का उतरतात आपसूक." तिनं कमरेची पिशवी सोडली आणि त्यानं सांगितला तोच भाव मोजून टेबलावर ठेवला.

बंटी कावराबावरा झाला होता. एक डोळा रस्त्यावर ठेवून त्यानं कॅरिअरचे पट्टे गुंडाळले आणि ते खोक्यात घालायला लागला.

"खोक्यात कायले भरून राहिला?" गुडघ्यावर हात टेकून चंद्रकांता उठली. "गाडीले लाव. तुही सायकल कशावर आणू मंग?"